गर्भातल्या रक्ताचे निदान: युएत वाई कान यांच्या शोधनिबंधांविषयी

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय: पदव्युत्तर अध्यापनात युएत वाई कान यांच्या शोधनिबंधांचे क्रमवार वाचन



युएत वाई कान यांचा जन्म १९३६ साली हाँगकाँगमध्ये झाला आणि तिथल्याच विद्यापीठातून १९५८ साली ते डॉक्टर झाले. पुढची काही वर्षे बॉस्टन, माँट्रियल आणि पुन्हा बॉस्टन अशी गेली. १९७२ पासून त्यांचे काम सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठात चालले. जन्मजात रक्तदोष मूल जन्मण्याआधी ओळखता येतो आणि त्यासाठी गर्भाचे रक्त काढण्याचीही गरज नाही, गर्भाच्या कोणत्याही पेशीतला डीएनए पुरतो, या दोन्ही गोष्टी सिद्ध होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९९१ चा लास्कर पुरस्कार आणि २००४ चा शॉ पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाले. पुरस्कारांच्या यादीपेक्षा त्यांच्या शोधनिबंधांची यादी अधिक शिकवते, कारण तिच्यात एक सलग विचार दिसतो. एका निबंधात जी अडचण उरते तीच पुढच्या निबंधाचा प्रश्न होते. वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या विचारली जाते. अशा काळात पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी निदान एका संशोधकाचे निबंध लिहिले गेले त्या क्रमाने वाचावेत, ही या पत्रातील विनंती आहे. हा संशोधक कान असावा याचे कारण महाराष्ट्राशी जोडलेले आहे आणि ते पुढे ओघात येईल.

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन आल्फा आणि दोन बीटा अशा चार प्रथिनसाखळ्या असतात. गर्भात बीटाच्या जागी बहुतांशी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा ओसरते आणि बीटा तिची जागा घेते. आल्फा किंवा बीटा साखळी कमी तयार होणे किंवा मुळीच तयार न होणे म्हणजे थॅलेसेमिया. सिकलसेलमध्ये बीटा साखळी पुरेशी तयार होते, पण तिच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेलला रेणूचा आजार म्हटले आणि काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका बदल कुठे आहे ते दाखवले. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटतील, असा हिशेब त्यात नसतो. समुपदेशनाच्या खोलीत सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावी लागते ती हीच गोष्ट.

कान यांच्या यादीतला पहिला महत्त्वाचा निबंध १९६७ चा, माँट्रियलच्या काळातला, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. त्याचा विषय आल्फा थॅलेसेमियाचे सर्वांत उग्र रूप हा होता. यात गर्भाच्या अंगभर पाणी साठते, वार फुगते आणि बाळ गर्भातच किंवा जन्मताच दगावते. आल्फा साखळीच नसल्यामुळे चार गॅमा एकत्र येऊन हिमोग्लोबिन बार्ट्स तयार होते. ते प्राणवायू घट्ट धरून ठेवते आणि ऊतींना देत नाही. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातील कुटुंबांत हा प्रकार वारंवार दिसतो. आईच्या प्रकृतीलाही तो गर्भ धोक्याचा असतो. हाँगकाँगमध्ये शिकलेल्या डॉक्टरने कॅनडात बसून या आजारावर लिहिले, आणि पुढे दशकभर तोच आजार त्याच्या नव्या तंत्रांची पहिली कसोटी ठरला.

आजार ओळखायचा म्हणजे साखळ्या मोजायच्या. अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये डेव्हिड वेदरॉल, जॉन क्लेग आणि माइक नॉटन यांनी १९६५ मध्ये त्याची रीत दाखवली होती. तरुण तांबड्या पेशींना किरणोत्सर्गी अमिनो आम्ल द्यायचे, नव्याने तयार झालेल्या साखळ्या वेगळ्या करायच्या आणि आल्फा व बीटा यांचे गुणोत्तर काढायचे. कान यांनी एलियास श्वार्ट्‌झ आणि डेव्हिड नेथन यांच्यासोबत १९६८ मध्ये हीच रीत आल्फा थॅलेसेमियाच्या निरनिराळ्या रूपांना लावली. कागदावर हा निबंध कोरडा वाटतो. पण गर्भाच्या रक्तावर पुढे जे काही झाले ते या मोजमापाशिवाय झाले नसते. प्रौढाच्या रक्तात जे गुणोत्तर दिसते ते गर्भाच्या थेंबभर रक्तात दिसेल का, हा प्रश्न इथूनच निघाला.

त्याचे पहिले उत्तर १९७२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आले. बीटा साखळी गर्भात अगदी थोडी तयार होते. मध्यावरच्या गर्भात तिचा वाटा नव्या साखळ्यांच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच असतो. तरीही सिकल बीटा आणि सामान्य बीटा यांतला फरक त्या टप्प्यावर ओळखता येतो, असे कान, आंद्रे डोझी आणि त्यांच्या बॉस्टनच्या सहकाऱ्यांनी दाखवले. शीर्षकातच त्यांनी गर्भाशयातील निदानाची ‘शक्यता’ इतकाच दावा केला होता. विद्यार्थ्यांनी हा संयम लक्षात घ्यावा. जे सिद्ध झाले आणि जे अजून व्हायचे आहे यांतली सीमा लेखकांनी शीर्षकातच आखून दिली.

त्याच वर्षी अमेरिकेत सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याच्या आगेमागे अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांची सिकल चाचणी सक्तीची केली. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे धड न समजावता चाचण्या झाल्या आणि निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात नकार सोसावे लागले. कान यांच्या निबंधांत हा इतिहास येत नाही. पण त्यांच्या निबंधांसोबत तो शिकवला गेलाच पाहिजे, कारण प्रयोगशाळेतले अचूक उत्तर समाजात चुकीच्या हाती पडले की काय होते हे त्या काही वर्षांत स्पष्ट दिसले.

यापुढची अडचण रक्त मिळवण्याची होती. अठरा ते वीस आठवड्यांच्या गर्भाचे रक्त सुईने वारेतून ओढायचे किंवा फीटोस्कोप नावाची बारीक दुर्बीण गर्भाशयात घालून शिरेतून घ्यायचे, असे दोन मार्ग होते. दोन्हींत गर्भ दगावण्याचा धोका साध्या गर्भजल परीक्षणापेक्षा पुष्कळ जास्त होता. शिवाय वारेतून ओढलेल्या नमुन्यात आईचे रक्त मिसळलेले असे. १९७४ च्या एका निबंधात कान आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय दिला. गर्भाच्या तांबड्या पेशींवर ‘आय’ नावाच्या प्रतिजनाचे बाल्यरूप ठळक असते. त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने गर्भाच्या पेशी एकत्र गोळा होतात आणि आईच्या पेशी बाजूला राहतात. १९७५ मध्ये बीटा थॅलेसेमियाचा धोका असलेल्या गरोदरपणात आणि १९७६ मध्ये सिकलसेलसाठी, प्रसूतितज्ज्ञ मिचेल गोल्बस यांच्यासह, प्रत्यक्ष निदान झाले. हिमोग्लोबिनच्या आजारांचे गर्भावस्थेतले निदान इथे प्रथमच रुग्णसेवेत उतरले. पण उशिरा होणारे, जोखमीचे आणि मोजक्या केंद्रांपुरतेच असे ते निदान होते, आणि कान तिथे थांबले नाहीत.

दरम्यान १९७४ मध्येच दुसऱ्या दिशेने एक वाट उघडली होती. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर १९७० मध्ये सापडले होते. त्याच्या साहाय्याने संदेशवाहक आरएनएवरून डीएनएची प्रत बनवता येते. ग्लोबिनची अशी प्रत वापरून नेचरमध्ये एकाच वेळी दोन गटांनी दाखवले की आल्फा थॅलेसेमियाच्या त्या उग्र रूपात आल्फा जनुक बिघडलेले नसते, ते जागेवरच नसते. एका गटात सर्गिओ ऑटोलेंघी आणि त्यांचे सहकारी होते. दुसऱ्या गटात जॉन टेलर, डोझी, कान आणि हॅरॉल्ड व्हार्मस होते. व्हार्मस यांना पुढे कर्करोग जनुकांवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएचा एक तुकडाच नाहीसा झाल्याने माणसाला आजार होतो, हे त्या दोन निबंधांनी प्रथम रेणूच्या पातळीवर दाखवले.

जनुक नसेल तर ते कोणत्याही पेशीत नसणार. त्वचेची पेशी असो वा गर्भजलात तरंगणारी, हिमोग्लोबिन तयार करण्याचे काम तिच्याकडे नसले तरी त्याचे जनुक तिच्या केंद्रकात असते. रक्ताचा आजार शोधायला रक्तच हवे, ही समजूत या एका विचाराने मोडली. १९७६ मध्ये कान, गोल्बस आणि डोझी यांनी गर्भजलातून वाढवलेल्या पेशींच्या डीएनएवर आल्फा थॅलेसेमियाचे गर्भनिदान केले. डीएनए तपासून केलेले हे पहिले गर्भनिदान. साध्या गर्भजल परीक्षणाइतकीच जोखीम घेऊन मिळालेले हे उत्तर होते, आणि १९७५ च्या रक्तनमुन्यांशी ते ताडून पाहिले की एका वर्षात किती अंतर कापले गेले ते कळते.

सिकलसेलमध्ये मात्र जनुक जागेवर असते, त्यातले एकच अक्षर बदललेले असते. संपूर्ण जनुक आहे की नाही एवढेच सांगणारी १९७६ ची रीत इथे उपयोगाची नव्हती. एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये एडिनबरोत डीएनएचे तुकडे पाडून, लांबीप्रमाणे वेगळे करून, त्यातला हवा तो तुकडा ओळखण्याची पद्धत दिली होती. कान आणि डोझी यांनी ती वापरून बीटा जनुकाभोवतीचा डीएनए एचपीए-वन नावाच्या विकराने कापला. हे विकर ठरावीक अक्षरक्रम दिसेल तिथेच कापते. बहुतेकांमध्ये बीटा जनुक ७.६ किलोबेस लांबीच्या तुकड्यात येत होते. आफ्रिकी वंशाच्या काही व्यक्तींमध्ये तो तुकडा ७.० किंवा १३.० किलोबेसचा निघाला, आणि १३.० चा तुकडा वारंवार सिकल जनुकासोबत दिसला. तुकड्याची लांबी बदलणारा हा फरक जनुकात नव्हता. जनुकाच्या टोकापासून सुमारे पाच हजार अक्षरे दूर असलेली एक कापण्याची जागा काही लोकांत नाहीशी झालेली होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिचा अभाव सिकल जनुकाबरोबर वारशाने येत होता. त्या खुणेच्या आधाराने १९७८ मध्ये लॅन्सेटमध्ये गर्भजलातील पेशींवरून सिकलसेलचे निदान प्रसिद्ध झाले आणि मूळ निरीक्षण अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आले.

त्या कार्यवृत्तातील निबंधाच्या सारांशाच्या अखेरीस लेखकांनी म्हटले की विकराच्या जागेतील अशी विविधता हे जनुकीय खुणांचे नवे प्रकार मानता येतील आणि जनुकांचे परस्परसंबंध शोधायला त्यांचा उपयोग होईल. दोनच वर्षांनी डेव्हिड बॉटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अशाच खुणांवरून मानवी जनुकांचा संपूर्ण नकाशा बनवता येईल अशी योजना मांडली. १९८३ मध्ये हंटिंग्टन रोगाचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे याच मार्गाने कळले. एका रक्ततज्ज्ञाने गर्भवती स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे पाहिले, त्यातून मानवी जनुकशास्त्राला पुढच्या दशकाचे मुख्य साधन मिळाले. रुग्णशय्येकडून निघालेला प्रश्न मूलभूत विज्ञानापर्यंत पोहोचण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण वैद्यकाच्या गेल्या शतकात सहज सापडणार नाही.

आता महाराष्ट्राचा संबंध. १९५२ मध्ये हर्मन लेहमन आणि मारी कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकल वाहक असल्याचे नोंदवले. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकल वाहकांवर लॅन्सेटमध्ये लिहिले, आणि नागपूरच्या परिसरात हा आजार किती रुजलेला आहे याची पहिली नोंद झाली. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, नंदुरबार आणि पालघर या पट्ट्यांत सिकलसेलची कुटुंबे गावोगाव आहेत. १९७८ ची चाचणी जशीच्या तशी या कुटुंबांना लावली असती तर काय झाले असते?

ती फसली असती, आणि हे कान यांच्याच पुढच्या निबंधाने सांगितले. १९८० मध्ये सायन्समध्ये कान आणि डोझी यांनी जगातल्या निरनिराळ्या लोकसमूहांतील सिकल आणि हिमोग्लोबिन सी यांची जनुके तपासली. पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांत सिकल जनुक १३.० किलोबेसच्या तुकड्यासोबत येते. सौदी अरेबिया आणि भारतासारख्या ठिकाणी ते ७.६ किलोबेसच्या, म्हणजे सर्वसामान्य माणसांतही असणाऱ्या तुकड्यासोबत येते. याचा अर्थ एकाच ठिकाणी झालेला बदल सगळीकडे पसरला नाही, तो एकापेक्षा जास्त वेळा स्वतंत्रपणे झाला. १९८६ मध्ये आंद्रेआस कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी विस्तृत पाहणी करून आशियातील सिकल जनुकाचा उगम वेगळा असल्याला पुष्टी दिली. आज त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात.

संशोधकाने स्वतःच्या गाजलेल्या चाचणीची मर्यादा दोन वर्षांत स्वतःच छापून द्यावी, हा या सबंध यादीतला सर्वांत आदरणीय प्रसंग आहे. तो निबंध उत्क्रांतीचा म्हणून वाचला जातो, पण त्यात चाचणीविषयीचा इशाराही आहे. एका समूहात जनुकासोबत वावरणारी खूण दुसऱ्या समूहात निरर्थक ठरू शकते. गडचिरोलीतील माडिया कुटुंबाला किंवा नंदुरबारमधील भिल्ल कुटुंबाला जगात कुठेतरी सिद्ध झालेली चाचणी लावण्याआधी ती इथल्या जनुकांवर तपासली आहे का, हे विचारण्याची सवय पदव्युत्तर विद्यार्थ्याला या निबंधातून लागेल. ही सवय केवळ भूतकाळासाठी नाही. अरब-भारतीय प्रकारात गर्भ हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा जास्त राहते आणि आजार काहींत सौम्य असतो. तरी विदर्भातील अनेक मुलांत तो मुळीच सौम्य नसतो. वेदनेचे झटके, प्लीहेचे त्रास, जंतुसंसर्ग या सगळ्यांतून ती मुले जातात. आफ्रिकी किंवा अमेरिकी रुग्णांवरचे आकडे सांगून इथल्या पालकांना भविष्य सांगणे म्हणूनच चूक आहे.

१९८२ मध्ये ज्युडी चँग आणि कान यांनी खुणेवरचे अवलंबित्वच काढून टाकले. एमएसटी-टू हे विकर नेमके सिकलच्या बदलाच्या जागी कापते. सामान्य बीटा जनुकात ती जागा शाबूत असते आणि १.१५ किलोबेसचा तुकडा मिळतो. सिकल बदलाने ती जागा नाहीशी होते आणि तुकडा १.३५ किलोबेसचा होतो. शेजारची खूण बघण्याऐवजी बदलच वाचला जात असल्यामुळे ही चाचणी लेगॉसमध्ये आणि नागपुरात एकच उत्तर देते. न्यू इंग्लंड जर्नलच्या त्याच अंकात स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाचाही असाच निबंध होता. १९८५ मध्ये सीटस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी डीएनएचा हवा तो भाग लक्षावधी पटींनी वाढवण्याची पीसीआर पद्धत सायन्समध्ये मांडली तेव्हा त्यांचे उदाहरण बीटा ग्लोबिन आणि सिकलसेल हेच होते. त्यानंतर पेशी वाढवत आठवडे घालवण्याची गरज संपली. अकरा-बारा आठवड्यांच्या सुमाराला वारेच्या तंतूंचा लहानसा नमुना घेऊन काही दिवसांत उत्तर देता येऊ लागले.

थॅलेसेमियाची कथा थोडी वेगळी, कारण त्यात बदल एक नाही, शेकडो आहेत. १९७९ मध्ये चँग आणि कान यांनी एका चिनी रुग्णात दाखवले की बीटा जनुकातील सतरावा संकेत ‘थांबा’ असा झाला आहे आणि म्हणून साखळी अर्ध्यातच तुटते. पुढे सार्डिनियातही असाच, पण एकोणचाळिसाव्या संकेतावरचा बदल निघाला. १९८० मध्ये सार्डिनियाच्या अंतोनिओ काओ यांच्या गटासह कान यांनी तिथल्या कुटुंबांसाठी डीएनए खुणांवर आधारित गर्भनिदान मांडले. सार्डिनियात त्याआधीच वाहक शोधणे, लोकांशी बोलणे आणि समुपदेशन सुरू होते. थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण तिथे २५० मध्ये एकावरून सुमारे ४,००० मध्ये एकावर आले. हे श्रेय कोणत्याही एका विकराचे नाही. काओ यांनी गावातले डॉक्टर, शाळा आणि पाळकही या कामात आणले होते. भारतात आयव्हीएस-वन-फाइव्ह हा बदल सर्वांत जास्त आढळतो, आणि सिंधी व लोहाणा कुटुंबांत ६१९ अक्षरांचा तुकडा गळाल्याचा बदल बराच दिसतो. मुंबई, उल्हासनगर आणि पुण्यातल्या रुग्णालयांना ही माहिती रोज लागते.

यादीतला पुढचा भाग थोडक्यात. १९८२ मध्ये कान यांच्या गटाने ‘थांबा’ संकेत ओलांडून जाणारे आरएनए जनुक बनवून थॅलेसेमियाच्या जनुकोपचाराची कल्पना मांडली. १९९६ मध्ये आईच्या रक्तातून गर्भाच्या मोजक्या पेशी वेगळ्या काढून सिकलसेल व थॅलेसेमियाचे निदान त्यांनी नेचर जेनेटिक्समध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी डेनिस लो यांनी आईच्या रक्तद्रवातच गर्भाचा मुक्त डीएनए दाखवला आणि त्या क्षेत्राने तो मार्ग धरला. २०१४ नंतरचे त्यांचे काम जनुक-संपादनाचे आहे. रुग्णाच्या पेशींतून मिळवलेल्या मूलपेशींत थॅलेसेमियाचा बदल दुरुस्त करणे आणि गर्भ हिमोग्लोबिन पुन्हा चालू ठेवणारा नैसर्गिक बदल घडवणे, असे त्याचे दोन धागे आहेत. आजार टाळण्याचे साधन शोधत निघालेली यादी तो बरा करण्याच्या प्रयत्नापर्यंत पोहोचते.

या यादीत उणीव आहे, आणि तीही विद्यार्थ्यांना दाखवावी. पालक तिच्यात मुख्यतः जोखमीचे जोडपे म्हणून येतात. निदान कळल्यावर त्यांनी काय ठरवले, त्यांना काय सोसावे लागले, आजार असलेल्या मुलासह जगणाऱ्यांना या चाचणीविषयी काय वाटते, हे या निबंधांत नाही. सिकलसेलमध्ये तर ते फार महत्त्वाचे, कारण चांगल्या उपचारांनी अनेक रुग्ण दीर्घ आयुष्य जगतात. चाचणी उपलब्ध असणे आणि ती करून घेण्याची अपेक्षा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय जोडप्याचा, आणि त्यातही सर्वांत आधी त्या स्त्रीचा. दुसरी गोष्ट श्रेयाची. आंद्रे डोझी यांचे नाव १९७२ पासून १९८० पर्यंतच्या जवळपास प्रत्येक निर्णायक निबंधावर आहे. प्रयोगशाळेतल्या अशा सहकाऱ्यांची नावे पाठ्यपुस्तकांतून गळून जातात, निबंधांत मात्र टिकतात.

महाराष्ट्राकडे साधने आहेत. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था रक्तगटांच्या संदर्भकेंद्रातून वाढली आणि आता हिमोग्लोबिनच्या आजारांचे गर्भनिदान करते. तिचेच एक केंद्र चंद्रपूरला आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली आणि शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट तिने ठेवले. गर्भलिंगनिदान रोखण्याचा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रात झाला. १९९४ चा केंद्रीय कायदा लिंग सांगण्यास बंदी घालतो, पण हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भनिदानाला त्यातच स्पष्ट परवानगी आहे. त्यासाठी नोंदणीकृत केंद्र हवे आणि गर्भवतीची लेखी संमती हवी, तीही तिला समजणाऱ्या भाषेत. गडचिरोलीत ती भाषा गोंडी किंवा माडिया असू शकते आणि नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी. कायद्याच्या धाकाने डॉक्टर गर्भनिदानाचे नावच काढत नाहीत, तिथे कायद्याचे अर्धे वाचन झाले आहे.

वेळेचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. वारेच्या तंतूंचा नमुना अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला घ्यायचा असतो. त्यासाठी स्त्रीची सिकल तपासणी आठव्या आठवड्यापर्यंत आणि तिच्या नवऱ्याची त्यानंतर लगेच व्हायला हवी. दुर्गम भागातील स्त्री पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हाच तिसरा-चौथा महिना संपलेला असेल, तर कान यांनी रक्तनमुन्यापासून वारेच्या तंतूंपर्यंत जो वेळ वाचवायला मदत केली तो तिच्या वाट्याला येत नाही. लग्नाआधी किंवा गर्भधारणेआधी वाहक असल्याचे माहीत असणे हाच यावर खरा उपाय आहे, आणि तो सक्तीने नाही, अमेरिकेतली १९७० च्या दशकातली चूक टाळून, माहिती देऊन.

म्हणून विद्यापीठाकडे ठोस मागणी आहे. विकृतिशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र आणि बालरोग या तीन विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९६७, १९६८, १९७२, १९७४, १९७६, १९७८, १९८० आणि १९८२ चे कान यांचे निबंध मूळ स्वरूपात, क्रमाने, एकत्र बसून वाचावेत. प्रत्येक निबंधात कोणती अडचण सुटली आणि कोणती उरली, हे त्यांनी लिहून काढावे. १९८० चा निबंध नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली आणि नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयांत १९५८ च्या शुक्ला-सोळंकी निबंधाशेजारी ठेवून शिकवावा. सिकलसेल आणि थॅलेसेमियावरील प्रबंधांत रुग्णांचा समाज व जिल्हा, वापरलेली चाचणी त्या समाजात पडताळली गेली होती का, आणि गर्भवती स्त्री कितव्या आठवड्यात प्रथम भेटली, या तीन नोंदी आवश्यक कराव्यात. मार्गदर्शकांचे मूल्यमापन करताना निबंधांच्या संख्येबरोबर एका निबंधातून दुसरा कसा निघाला याचेही विवरण मागावे. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत पसरलेली आहेत, त्यामुळे या तीन नोंदी काही वर्षे नेमाने झाल्या, तर महाराष्ट्रातील वाहक जोडप्यांपर्यंत गर्भनिदान कोणत्या आठवड्यात पोहोचते, याचा जिल्हावार तक्ता विद्यापीठाच्याच ग्रंथालयात तयार होईल आणि चंद्रपूर व परळ येथील केंद्रांना नमुने कुठून, केव्हा आणि कसे यायला हवेत हे त्यावरून ठरवता येईल.